बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

१० फेब्रुवारी १८९५ रोजी रविवार होता. त्या दिवशी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला, संस्कृतात मुरलेला, कवितेवर आणि वादविवादावर सारखंच प्रेम करणारा हा चित्पावन ब्राह्मण तेव्हा चौतिसाव्या वर्षात होता. सुमारे दोन वर्षांपूर्वी राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला होता. त्या प्रवाशापासून बाप्तिस्म्यापर्यंतची वाट चरित्रकारांनी पुष्कळ रंगवली आहे. गोष्टच तशी आहे.

पण माणूस बदलतो एका दिवशी आणि त्याला जगायचं असतं पुढे कित्येक वर्षं. रविवारनंतर सोमवार येतो. टिळकांच्या सोमवारी बायको, लक्ष्मीबाई, जवळ नव्हती, लहानगा मुलगा दत्तू तिच्यापाशी होता, आप्तेष्टांनी दारं लावून घेतली होती आणि स्वभाव होता तोच होता: तापट, विसराळू, हातातलं क्षणात देऊन टाकणारा, मनात आलं की उठून चालू लागणारा. पाण्याने धुऊन जाईल असा तो स्वभाव नव्हता, आणि तो धुतला गेला नाही याला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचं जवळजवळ प्रत्येक प्रकरण साक्षीला आहे.

त्या काळी कोकणात असा बदल म्हणजे काय होतं, हे समजायला गुहागर तालुक्याचा किनारा बघावा. हेदवीला डोंगरावर दशभुज लक्ष्मीगणेश, खाली समुद्राकाठी बामणघळ. शेजारी वेळणेश्वर, जे कित्येक गोखले घराण्यांचं कुलदैवत; आणि लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखल्यांच्याच. इथे घर, भाऊबंद, वाडीतलं आगर, देवाचा उत्सव आणि श्राद्धाचं पान हे सगळं एकाच गाठीत बांधलेलं. एक दोरा ओढला की सगळंच सुटणार. याच किनाऱ्यावर उत्तरेला दापोली तालुक्यातलं मुरूड आहे. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, धर्म काडीइतकाही बदलला नाही, तरी गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. धर्मच बदलणाऱ्याचं काय होत असेल, त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

सरकारी कायदा अशा माणसाच्या बाजूने उभा होता, निदान कागदावर. १८५० च्या कायद्यानुसार धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क जात नसे. १८६६ च्या दुसऱ्या एका कायद्याने तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला आणखी एक वाट काढून दिली होती. धर्मांतरामुळे नवऱ्याने किंवा बायकोने सलग सहा महिने संसार नाकारला तर कोर्टात जाता येई. कोर्ट एक वर्षाची मुदत देई. तरीही मन वळलं नाही तर विवाह रद्द आणि दुसरं लग्न मोकळं. टिळकांना ही वाट खुली होती. ख्रिस्ती मंडळीत नवा संसार मांडला असता तर बदल सोपा झाला असता, निदान जेवणाची सोय झाली असती. ते थांबले. लक्ष्मीबाई बहिणीच्या आधाराने दिवस काढत होत्या, आणि टिळक नगरला. पत्रं चालत होती, भांडणंही चालत होती. पाचेक वर्षं अशी गेली. टिळकांचा खरा धर्मबदल या पाच वर्षांत झाला, असं म्हणण्याचा मोह होतो. ज्या माणसाला पाच मिनिटं थांबणं जमत नव्हतं, तो पाच वर्षं थांबला.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र याहून जास्त शिकवणारी आहे, कारण त्यांच्या बाबतीत बदल उलट्या बाजूने आला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं वर्णन ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीलाच येतं, आणि ते वाचताना हसावं की रडावं कळत नाही. अशा घरात वाढलेली ही बाई नवऱ्याकडे परतली तेव्हा आपली चूल आणि आपलं पाणी सांभाळूनच परतली. घर ख्रिस्ती माणसाचं, स्वयंपाकघर ब्राह्मणाचं. कुणी घाई केली नाही, आणि केली असती तर तिने ऐकलं नसतं. मग एकदा त्यांनी स्वतःशीच वाद घातला: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी ताट बदललं, मग नाव. उपदेशकांची पुस्तकं क्रम उलटा सांगतात: आधी श्रद्धा, मग आचरण. लक्ष्मीबाईंना तो क्रम ठाऊक नव्हता किंवा त्यांनी मानला नाही, आणि त्यांचा बदल मरेपर्यंत टिकला.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्या अगदी उलट. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो भेटायला आणखी आठेक वर्षं लागली. इतकी प्रसिद्ध बाई, धर्मांतर जगभर गाजलेलं, आणि आठ वर्षं आत काहीतरी अपुरं वाटतंय, हे छापून टाकायला धैर्य लागतं. ज्यांना बदलानंतर काही महिन्यांत ‘पूर्वीसारखं भरून येत नाही’ म्हणून भीती वाटते, त्यांनी रमाबाईंची ही कबुली जरूर वाचावी.

त्या आठ वर्षांत आणि नंतरही आघात काही कमी नव्हते. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला गेलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. रमाबाईंनी संस्था बंद केली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य भारतातून उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९२१ च्या जुलैत एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. दुःख आवरायला त्यांनी काम हाती घेतलं असं म्हणणं सोपं आहे, पण काम आधीपासूनच चालू होतं. तोल जातो तेव्हा नवीन आधार शोधायला ताकद उरत नाही. रोजची ठरलेली गोष्ट असली तर हात आपोआप तिकडे जातो.

आता पडण्याबद्दल. बदल टिकवू पाहणारा प्रत्येक जण कधी ना कधी पडतो: दारू सोडलेला एक घोट घेतो, राग सोडलेला मुलावर हात उगारतो, प्रार्थना सुरू केलेला महिनाभर देवाचं नावही घेत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी व्यसनाकडे परतणाऱ्या माणसांचा बारकाईने अभ्यास केला. १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबत संपादित केलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की पहिला घोट आणि पूर्ण पुनरागमन या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दोहोंच्या मधे माणूस स्वतःशी काय बोलतो यावर पुढचं ठरतं. ‘मी मोडलोच, माझ्यात दमच नाही, आता काय राहिलं’ असं म्हणणारा बाटली संपवतो. ‘चूक झाली, आज असं काय घडलं होतं?’ असं विचारणारा बहुतेक वेळा परत फिरतो.

ख्रिस्ती वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण शुभवर्तमानात एकाच रात्री पडलेले दोन शिष्य आहेत. यहूदाने गुरूला धरून दिलं. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा त्याची ओळखच नाकारली. दोघांनाही पश्चात्ताप झाला; मत्तय यहूदाच्या पश्चात्तापाबद्दल स्पष्ट लिहितो, त्याने चांदीची नाणीही परत फेकली. पण तो एकटा गेला आणि जीव देऊन मोकळा झाला. पेत्र रडला आणि बाकीच्या शिष्यांतच राहिला. पुढे तळ्याकाठी, कोळशाच्या विस्तवापाशी, येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि तिन्ही वेळा काम सोपवतो. दोघांच्या पापांची तुलना करत बसण्यापेक्षा पाप घडल्यावर ते कुठे गेले, हे बघण्यासारखं आहे.

पौलाची गोष्ट आणखी वेगळी. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो आपलं मन आणि आपले हात एकमेकांचं ऐकत नाहीत याची तक्रार करतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शरीरात रुतलेल्या एका काट्याचा उल्लेख आहे. तो निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. काटा म्हणजे नेमकं काय, यावर विद्वान अजून भांडतात. सामान्य वाचकाला त्या भांडणाची गरज नाही. मंडळ्या स्थापन करणाऱ्या माणसाचीही एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही, एवढं पुरे.

चर्चच्या इतिहासात या पडण्या-उठण्यासाठी अगदी कारागिरासारखी हत्यारं घडवली गेली. सोळाव्या शतकातला स्पॅनिश सैनिक आणि पुढे येशूसंघाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला याची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ मध्ये छापली गेली. तीत एक दोष निवडून त्याचा हिशेब ठेवायची रीत दिली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी कागदावर रेघा ओढायच्या; दुपारी आणि रात्री आठवून जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके द्यायचे; मग सकाळच्या रेघेशी संध्याकाळची, कालच्याशी आजची, गेल्या आठवड्याशी या आठवड्याची तुलना करायची. आज मोबाइलवर सवयींची नोंद ठेवणारी अॅप विकली जातात, ती याहून फार पुढे गेलेली नाहीत. या पद्धतीत ठिपके पडणार हे गृहीतच आहे. ठिपक्यांशिवायची वही तिथे अपेक्षित नाही. इग्नेशियसचा दुसरा नियम तर घरात लिहून लावावा असा: मन कोरडं, उदास झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. निश्चय चांगल्या दिवशी केलेला असतो, तो मोडायचा तर चांगल्या दिवशीच मोडावा. वाईट दिवसाला तो अधिकार देऊ नये.

निश्चयाची सवय व्हायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: १८ पासून थेट २५४ पर्यंत. एकवीस दिवसांत माणूस बदलतो, हे व्यासपीठावरचं वाक्य त्यामुळे बाजूला ठेवावं. याच पाहणीत आणखी एक दिसलं. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसला नाही. रोजची प्रार्थना एका सकाळी राहिली तर राहिली. दुसऱ्या सकाळी ‘आता काय उपयोग’ म्हणून टाळली, की मात्र धोका सुरू होतो.

एकट्याने हे जमतं का? क्वचित. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळीत १७४२ पासून ‘वर्ग’ सुरू झाले. बारा-एक माणसं, एक पुढारी. सुरुवात झाली ती ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी. पुढारी घरोघर पैसे मागायला जाऊ लागला आणि कोण प्यालेला आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण खचला आहे हे त्याला दिसू लागलं. वसुलीची योजना माणसं सांभाळायची योजना झाली.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, हीही अशीच ख्रिस्ती मुळातून निघालेली आणि नंतर सर्वांसाठी खुली झालेली गोष्ट. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत आपले दोष दुसऱ्यापुढे कबूल करणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं आणि रोज शांत बसून मार्गदर्शन मागणं यावर भर होता. बिल विल्सन या दलालाने १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडली होती. १९३५ च्या मे महिन्यात अॅक्रन शहरात धंद्याचा एक व्यवहार फसला आणि तो हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा राहिला. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन उचलला आणि दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे असं एका पाद्र्याला सांगितलं. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. बॉबने दारू सोडली आणि काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला जाऊन झिंगून परतला. १० जून १९३५ रोजी त्याने शेवटची बिअर घेतली, तीही शस्त्रक्रियेसाठी हात स्थिर राहावेत म्हणून. एए आपला स्थापनादिन म्हणून हीच तारीख मानते. एका संस्थापकाच्या घसरणीनंतरचा हा दिवस संस्थेने लपवला नाही. बॉब १९५० मध्ये वारला, तोपर्यंत तो पुन्हा प्यायला नाही.

श्रद्धेवर आधारलेल्या अशा उपायांना विज्ञानाचा आधार आहे का, असं विचारणं रास्त आहे. २०२० मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. पण हे प्रार्थनेचं प्रमाणपत्र समजू नये. रोज भरणारी सभा, फोनवर कधीही भेटणारा जुना सभासद आणि स्वतःची गोष्ट मोठ्याने सांगणं या सगळ्याचा तो एकत्रित परिणाम आहे.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. श्रद्धा जितकी उभं करते तितकीच, वाईट हातांत पडली तर, पाडतेही. ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू पुन्हा प्यालास’ हे वाक्य कित्येक प्रार्थनासभांत ऐकू येतं आणि ते मार्लॅटने वर्णन केलेल्या पहिल्या माणसाला बाटलीकडे ढकलणारंच वाक्य आहे. तसंच, खूप वर्षं पिणाऱ्याने केवळ हात ठेवून प्रार्थना केली म्हणून एकाएकी दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. झटके येतात, भ्रम होतो. त्या पहिल्या दिवसांत डॉक्टर हवाच. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत वैद्यकीय उपचार आणि समूहाचा आधार बरोबरीने चालतात, आणि श्रद्धावान कुटुंबाने तिथे जाण्यात विश्वासाचा काही पराभव नाही.

जागेचं महत्त्वही कमी लेखू नये. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतले तेव्हा त्यांच्यापैकी पहिल्या वर्षभरात पुन्हा व्यसनात अडकणारे साधारण पाच टक्के निघाले, असं ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. जागा बदलली, सोबती बदलले, मागणी करणारी संध्याकाळ बदलली. कोकणातल्या माणसाचा प्रवास याच्या उलट्या दिशेने असतो. तो मुंबईत, परळ-विरारच्या एखाद्या मंडळीत किंवा एएच्या सभेत बदलतो, आणि शिमग्याला किंवा गणपतीत गाडी पकडून हेदवी-गुहागरला जातो. घर तेच, मित्र तेच, पालखी तीच, रात्री मागच्या पडवीत बसणारी मंडळीही तीच. मार्लॅटच्या नोंदींत घसरणीपैकी सुमारे सत्तर टक्के तीन प्रसंगांत घडल्या: मनाची वाईट अवस्था, कुणाशी झालेलं भांडण आणि सोबत्यांचा आग्रह. सणाच्या चार दिवसांत भाऊबंदांतला जमिनीचा वाद धरला तर तिन्ही एकाच अंगणात भेटतात.

म्हणून निघण्याआधीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात. रात्री कुठे झोपायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, आग्रह झाला तर कोणतं साधं वाक्य बोलायचं, आणि रात्री अकरा वाजता फोन करायचाच झाला तर कुणाला. त्या माणसाला आधी विचारूनही ठेवावं. धर्म बदललेला असेल तर आणखी एक बाब: पालखी दाराशी आली की उंबऱ्यात उभं राहायचं की आत, नारळाचं काय करायचं, आईला काय सांगायचं. यावर मंडळीतले लोक वेगवेगळं सांगतील. ते ऐकावं, पण निर्णय गाडीत बसण्याआधी व्हावा, दारात ढोल वाजत असताना नाही. आणि एवढं करूनही पाय घसरलाच, तर परतल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी उपासनेला गैरहजर राहू नये. पेनी गोळा करणारा कुणी आता दारी येत नाही, त्यामुळे निदान एका माणसाला आधीच सांगून ठेवावं: मी त्या रविवारी दिसलो नाही तर संध्याकाळी घरी येऊन बघ.